माशीचा दाखला, पक्ष्याचा दाखला

 

गेल्या चातुर्मासात एका तरुण कीर्तनकाराचे पत्र आले. त्याने लिहिले होते, "महाराज, अवधूताच्या चोवीस गुरूंवर सात दिवसांची प्रवचनसेवा घेतली आहे. मधमाशी आणि टिटवी हे दोन गुरू एकाच दिवशी सांगावेत असे मनात आहे, कारण दोघांचा सिद्धांत एकच, संग्रह करू नये. आपणही असेच सांगत होता असे ऐकले. आपल्या वह्या पाहायला मिळतील का?"

पत्रातल्या मजकुरात त्या मुलाची काही चूक नाही. मी चाळीस वर्षे असेच सांगत आलो. माशीचा दृष्टांत संपला की मृदंगमणींकडे पाहायचे, एक चाल घ्यायची, आणि लगेच टिटवी. श्रोते माना डोलवत. माशीने साठवले म्हणून ती लुटली गेली, टिटवीने टाकले म्हणून ती सुटली, आता तुम्ही ठरवा माशी व्हायचे की टिटवी. टाळ्या पडत, विठ्ठलनामाचा गजर होई. आता वय शहात्तर आहे, घसा गेला, नारदाच्या गादीवर उभे राहणे थांबून सहा वर्षे झाली. बसल्या बसल्या आपणच सांगितलेले आपल्याला ऐकू येऊ लागले आहे आणि त्यातले काही खुपते. त्या मुलाला उत्तर लिहायला बसलो, ते कार्डात मावेना. म्हणून ते इथे मांडतो. ज्यांना पटेल त्यांनी घ्यावे, ज्यांना पटणार नाही त्यांनी म्हाताऱ्याला क्षमा करावी.

प्रथम मूळ स्थान पाहू. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवंत उद्धवाला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद सांगतात. सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायात चोवीस गुरू येतात. याच स्कंधावर शांतिब्रह्म एकनाथमहाराजांनी मराठी टीका केली. पैठणला आरंभ झाला, काशीत शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण झाला. एकतीस अध्याय, सुमारे १८,८०० ओव्या. आपल्या संप्रदायात ज्ञानेश्वरी आणि गाथा यांच्या जोडीला जो ग्रंथ बसतो तो हा.

चोवीस गुरूंत पक्षी दोन आहेत, कपोत आणि कुरर. सातव्या अध्यायाच्या शेवटी कपोत येतो, तो पिल्लांच्या मोहाने जाळ्यात पडतो. नवव्या अध्यायाच्या आरंभीच कुरर येतो, तो तोंडचे टाकून सुखी होतो. मधमाशी या दोन पक्ष्यांच्या मध्ये, आठव्या अध्यायात आहे. आणि ती एकटी येत नाही. तिच्या मागून मध काढून नेणाराही गुरू म्हणून येतो, मधुहा. ही गोष्ट आपण कीर्तनात बहुधा गाळतो. का गाळतो ते पुढे सांगतो.

आता माशीकडे या. भागवतात तिचे शिकवणे दोन प्रकारचे आहे. पहिले, ती फुलाला दुखवत नाही. थोडे इथून, थोडे तिथून घेते, मोठे फूल असो की लहान, सार तेवढे उचलते. साधूने भिक्षा अशीच घ्यावी आणि शास्त्राचे सारही असेच घ्यावे. यावरूनच आपल्याकडे माधुकरी हा शब्द आला. मी आळंदीला शिकत होतो तेव्हा चार वर्षे माधुकरी मागून जेवलो. कुठे अर्धी भाकरी, कुठे मूठभर भात, एका घरची आमटी तिखट, दुसऱ्या घरची गोड. झोळीत सगळे एक होई. त्या वयात लाज वाटे. पण कोणत्याही एका घरावर भार पडला नाही, आणि आम्ही पंधरा मुले शिकून निघालो. माशीची ही पहिली शिकवण मी जेवलो आहे, तेव्हा तिच्याविषयी मला शंका नाही.

दुसरी शिकवण, भिक्षा करणाऱ्याने सायंकाळसाठी, उद्यासाठी राखून ठेवू नये. हात हेच पात्र, पोट हीच कणगी. माशीसारखा साठवील तर साठ्यासह जाईल. आपण जो दृष्टांत देतो तो हा. त्यात शब्द कोणता आहे ते नीट पाहा. भिक्षा करून आणलेले अन्न साठवू नये, असे म्हटले आहे. हा धर्म भिक्षूचा आहे. शेतकऱ्याने पेरून, खुरपून, मळून आणलेले धान्य कणगीत ठेवू नये असे तिथे कुणी म्हटलेले नाही. मी मात्र ते म्हणत होतो, आणि ज्यांच्यापुढे म्हणत होतो ते सगळे शेतकरी होते.

यातून काय घडले ते सांगतो. जावळीच्या डोंगरात एका गावी सप्ताह होता. तिथे मी लागोपाठ दोन वर्षे गेलो. दुसऱ्या वर्षी कीर्तन झाले, पाया पडायला रांग लागली. शेवटी एक म्हातारी आली, पाया पडली आणि तिथेच बसली. म्हणाली, "म्हाराज, माशीनं साटवलं न्हाई तर पावसाळ्यात पोरं काय खातील?"

मी हसलो. दृष्टांत एकदेशी असतो असे काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, "माझ्या घरच्यानं जल्मभर मव्हळं काढली. सातेरी पावसात भाईर पडत न्हाई. तवा ती साटवलेलं खाती, पोरास्नी घालती. आन् जी माशी मध आनती ती सवता कुटं ऱ्हाती खायाला? ती मरून जाती. मागच्या साली तुमी ह्योच दाखला दिलासा. माझ्या पोरानं बियाचं भात पंगतीला घातलं."

मला काही सुचेना. पेरणी कशी केली म्हणून विचारले. "उसनं घेतलं," एवढेच म्हणाली. रागावलेली नव्हती. त्या दिवशीचे मिळालेले पाकीट मी तिच्यापुढे केले. तिने हात मागे घेतला. "पाकीट नगं. दाखला नीट द्या."

ही गोष्ट मी बरीच वर्षे कुणाला सांगितली नाही. सांगितली नाही एवढेच नव्हे, दृष्टांतही सोडला नाही. डोंगरातली गावे टाळून देशावर सांगत राहिलो. टाळ्या पडत होत्या ना.

आता माशीविषयी जे खरे आहे ते पाहू. आपल्याकडे सातेरी आणि आग्या या दोन माश्या सगळ्यांच्या ओळखीच्या. सातेरी झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, अंधारात एकाखाली एक नव्हे तर एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. हीच माशी पेटीत पाळता येते. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ साली मधाचे गाव म्हणून ओळख मिळाली ती अशाच पेट्यांच्या जोरावर. आग्या मात्र पाळता येत नाही. ती उंच वडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला एकच मोठे उघडे पोळे लावते. वरच्या कोपऱ्यात मध, खाली पिल्ले, आणि सगळ्यावर माश्यांचेच पांघरूण. शत्रू जवळ आला तर पोळ्यावरून लाट फिरल्यासारखी थरथर दिसते. नांगी मारली की ती माशी मरते, हे ठाऊक असून, किंवा नसून, ती मारतेच.

कामकरी माशीचे आयुष्य कामाच्या दिवसांत दीड-दोन महिन्यांचे. आज ती जो मध आणते तो दुष्काळाच्या दिवसांत तिच्या तोंडी पडेलच असे नाही, बहुधा पडत नाहीच. तो पडतो अजून न जन्मलेल्या माश्यांच्या तोंडी. मग तिला कृपण म्हणायचे कसे? कृपण तो, जो स्वतःसाठी ठेवतो आणि स्वतःही खात नाही.

भागवतकारांनी हे जाणले होते. मधुहा गुरूच्या ठिकाणी दोष कशाला दिला आहे ते पाहा. लोभ्याने दुःखाने साठवले, ना दिले, ना भोगले, ते दुसराच भोगतो. दोष साठवण्यावर नाही, न देणे आणि न भोगणे यावर आहे. आणि त्याच्याच पुढे जे येते त्यासाठी आपण हा गुरू गाळतो. गृहस्थ कष्टाने मिळवतात आणि त्यांच्या घरचे अन्न यती त्यांच्या आधी जेवतो, तो मध नेणाऱ्यासारखा, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे त्या चित्रात माशी गृहस्थ आहे, आणि मध नेणारा कोण? तो आपण आहोत, सज्जनहो. फेटा बांधून, पंगतीत पहिल्या पाटावर बसून, पाकीट घेऊन जाणारा. त्याने माशीला कृपण म्हणावे हे कितपत शोभते?

आता पक्षी. भागवतात शब्द कुरर असा आहे. मराठीत सांगताना तो टिटवी झाला. टिटवीने चोचीत मासा धरला, घारी-कावळे मागे लागले, तिने मासा टाकला आणि झाडावर निवांत बसली, अशी कथा आपण सगळे सांगतो. टिटवी पाहिली नाही असा शेतकरी महाराष्ट्रात नसेल. ती माळावर, नांगरटीत, नदीकाठी पळत पळत किडे टिपते. अंडी उघड्या जमिनीवर खड्यांत घालते. झाडावर ती बसत नाही, कारण तिच्या पायाला फांदी धरण्याजोगे मागचे बोट नाही म्हटले तरी चालेल, इतके ते लहान असते. मासा धरून उडणारी टिटवी कुणी पाहिलेली नाही. एकदा सोलापूर भागात कीर्तनात एक पोरगा पुढच्या रांगेत फिस्सकन हसला. चोपदाराने त्याला उठवले. हसण्यासारखेच होते, पण मला वाटले पोरगा वात्रट आहे.

अमरकोशात कुरराला उत्क्रोश असे दुसरे नाव दिले आहे, म्हणजे मोठ्याने ओरडणारा. जाणकार त्याचा अर्थ मासे मारणारा शिकारी पक्षी असा करतात. तो मी पाहिला तो नाथांच्याच गावी. नाथषष्ठीला दिंडीबरोबर पैठणला गेलो होतो. फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ मध्ये याच तिथीला नाथमहाराजांनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या एका मासेमाराबरोबर धरणाच्या फुगवट्याकडे गेलो. गोदावरीवरचे हे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, त्या पाण्याला नाथसागर म्हणतात. हिवाळ्यात तिथे लांबलांबचे पक्षी उतरतात.

पाण्यावर एक मोठा पक्षी घिरट्या घालत होता. घारीहून मोठा, पोट पांढरे, डोळ्यावरून काळा पट्टा. तो जागच्या जागी पंख हलवत थांबला आणि दगड पडावा तसा पाय पुढे करून खाली आला. पाण्यात बुडालासे वाटले. वर आला तेव्हा पायात मासा, माशाचे तोंड पुढे, जणू होडीच. क्षणात कुठून तरी दोन घारी आल्या, मग तिसरी. वर, खाली, वळून, ओरडत पाठलाग चालला. तो पक्षी चांगला मोठा, पण पायांत ओझे, वळता येईना. बरेच अंतर गेल्यावर त्याने पाय सोडले. मासा खाली पडला, घारी खाली वळल्या, आणि त्या तिघींचे आपसात जुंपले. हा मात्र वाळलेल्या बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसला आणि पंख झाडू लागला. थोड्या वेळाने पुन्हा पाण्यावर गेला.

मी वल्ह्याशी बसून राहिलो. चाळीस वर्षे जे तोंडाने सांगितले ते डोळ्यांनी पाहिले, आणि पाहिल्यावर कळले की सांगताना मुख्य गोष्ट निसटली होती. मासेमाराने सांगितले की या पक्ष्याच्या तळपायाला काटे असतात. पुढे पुस्तकात पाहिले, ते खरे आहे. तळवा खरखरीत काटेरी, आणि बाहेरचे बोट मागे वळते, म्हणजे दोन बोटे पुढे, दोन मागे. बुळबुळीत मासा निसटू नये म्हणून देवाने त्याला अशी पकड दिली. जगातला हा पक्का धरणारा. आणि तो सोडतो.

इथे कळते की कुरराची टिटवी केल्याने केवळ नावाची चूक झाली नाही, अर्थ गेला. टिटवीच्या पायात पकडच नाही. जिला धरता येत नाही तिने सोडले यात त्याग कसला? ज्याची पकड सर्वांत घट्ट त्याने आपल्या मनाने बोटे उघडली, हा त्याग. नवव्या अध्यायाचा आरंभ याच विचाराने होतो की माणसाला जे जे अत्यंत प्रिय त्याचा परिग्रह दुःखाला कारण होतो. अत्यंत प्रिय हा शब्द काट्याच्या पायाशिवाय समजत नाही.

आणखी एक. घारींचे त्या पक्ष्याशी वैर नव्हते. त्यांना मासा हवा होता. आपल्याला वाटते भाऊ आपला वैरी, शेजारी वैरी, दुसऱ्या फडाचा महाराज वैरी. बहुतेक ठिकाणी पायात कुठलासा मासा असतो. बांधाची हातभर जमीन असते, मानाची जागा असते.

आता दोघांची तुलना करू. माशी आणि कुरर, दोघांजवळही दुसऱ्याला हवीशी वस्तू आहे आणि दोघांच्याही मागे नेणारा लागतो. इथपर्यंत साम्य. म्हणून आपण दोघांना एका दोरीत ओवतो. पण कुररापाशी जे आहे ते आजच्या एका वेळचे, त्याचे स्वतःचे, त्याने एकट्याने मिळवलेले. ते टाकले तर तोच एक वेळ उपाशी राहतो, आणि पाणी आहे, पंख आहेत, पुन्हा मिळवता येते. माशीपाशी जे आहे ते तिचे नाही. हजारो माश्यांनी आणलेले, पुढे येणाऱ्या पिल्लांसाठीचे. तिने टाकायचे ठरवले तरी ते टाकण्याचा अधिकार तिला नाही. पक्ष्याने सोडले तर शहाणपण, माशीने राखले तर धर्म. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजले की अन्याय होतो.

त्या म्हातारीच्या मुलाने जे भात दिले ते मासा नव्हते, मोहोळ होते. घरातल्या चार तोंडांचे, पुढच्या सालाचे. मी त्याला पक्ष्याचा दृष्टांत माशीच्या साठ्यावर लावून दाखवला, आणि तो बिचारा भावाचा माणूस, त्याने मानला.

कुणी म्हणेल, महाराज, दृष्टांत एकदेशी असतो, चहूबाजूंनी ओढू नये. मीही त्या दिवशी तेच म्हणालो होतो. हे सूत्र खरे आहे. चंद्रासारखे मुख म्हटल्यावर चंद्राचा डाग शोधू नये. पण जो एक देश घ्यायचा तो तरी खरा असला पाहिजे. गौतमांच्या न्यायसूत्रांत दृष्टांताचे लक्षण सांगितले आहे. ज्या गोष्टीविषयी साधा लौकिक माणूस आणि पारखणारा पंडित या दोघांची बुद्धी एक होते, तो दृष्टांत. किती थोर लक्षण आहे पाहा. पंडिताला पटून भागत नाही, साध्या माणसालाही पटले पाहिजे. जावळीच्या म्हातारीची बुद्धी माझ्या माशीशी जुळली नाही, सोलापूरच्या पोराची माझ्या टिटवीशी जुळली नाही. न्यायशास्त्राप्रमाणे मग ते दृष्टांतच नव्हते. मी शास्त्र शिकलो होतो आणि शास्त्राने ज्याला परीक्षकाच्या बरोबरीने बसवले त्याला चोपदाराकडून उठवत होतो.

दुसरा आक्षेप असा येईल की मग गृहस्थाला वैराग्य शिकवायचेच नाही का? शिकवायचे. पण अवधूत हे सगळे कुणाला सांगतो? यदुराजाला. राजा म्हणजे भांडारवाला गृहस्थ. ऐकल्यावर यदूने काय केले? तो सर्व संगातून मोकळा झाला आणि समचित्त झाला, असे तिथे म्हटले आहे. भांडार लुटवून तो वनात गेला असे म्हटलेले नाही. आणि ज्यांनी हे मराठीत आणले ते नाथमहाराज स्वतः गृहस्थ होते. त्यांच्या वाड्यात अन्न शिजत होते, पंगती उठत होत्या. कणगी रिकामी असती तर पंगत कशी उठली असती?

तुकोबारायांचे चरित्र तर या दोन दृष्टांतांचा निवाडाच आहे. शके १५५१-५२ चा तो भयंकर दुष्काळ. त्यानंतर तुकोबांनी घरची कर्जखते इंद्रायणीत सोडली, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण परंपरा पुढे काय सांगते? कान्होबांनी आपला वाटा मागितला. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, भावाचा भाग भावाला दिला, आणि आपला तेवढा भाग पाण्यात सोडला. जे आपल्या पायात होते ते सोडले, जे भावाच्या मुलाबाळांचे होते त्याला हात लावला नाही. कुरर कुठे व्हायचे आणि माशी कुठे राहायचे, याचे याहून मोठे प्रमाण मला सापडत नाही. धन चांगल्या मार्गाने मिळवावे आणि मन न गुंतवता खर्चावे, हा त्यांचा उपदेशही याला धरूनच आहे.

माशीविषयी एक शेवटची गोष्ट. आग्यामोहोळ कायमचे एका जागी राहत नाही. फुलोरा सरला, घाटात पावसाळा तोंडावर आला, की माश्या उरलेला मध पोटात घेतात, एवढे मोठे पोळे रिकामे टाकतात आणि सगळ्या मिळून उठतात. दूरच्या मुलुखात जातात. वाटेत झाडाला झुंबर करून लटकतात, मुक्काम करतात, पुन्हा निघतात. पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच वडावर परत येतात. आपली दिंडी निघते तशीच नव्हे का? ज्या माशीला आपण साठ्याला चिकटून मरणारी म्हणून हिणवतो तिला उठता येते. वेळ आली की मेणाचे घर मागे टाकायला तिला कुणाचे कीर्तन लागत नाही. आणि तो नाथसागरावरचा पक्षीही उत्तरेकडून येतो, उन्हाळा लागला की परत जातो. दोघेही आपापल्या वारीचे.

म्हणून त्या तरुण कीर्तनकाराला सांगणे असे. बाळा, हे दोन गुरू एका दिवशी घेऊ नको. पहिल्या दिवशी माशी घे. तिचे सार घेणे सांग, माधुकरी सांग, आणि साठवण्याचा निषेध सांगायचा तर भिक्षूला सांग, म्हणजे आधी स्वतःला सांग. मधुहा गाळू नको, तो आपल्याविषयी आहे. दुसऱ्या दिवशी कुरर घे. टिटवी म्हणू नको, मासेमार पक्षी म्हण. त्याच्या तळपायाचे काटे सांगायला विसरू नको. आणि कीर्तनानंतर रांगेच्या शेवटी कुणी म्हातारी बसून राहिली तर तिच्याजवळ बस.

वह्यांविषयी तू विचारले आहेस. माझ्यापाशी अकरा वह्या आहेत. अनेकांनी मागितल्या, मी दिल्या नाहीत. चाली दुसऱ्याच्या तोंडी जातील, दृष्टांत आधीच कुणी सांगून टाकील, ही भीती होती. दोन वर्षांपूर्वी पेटी उघडली तर तीन वह्यांना कसर लागलेली. ना दिले, ना भोगले. ज्या गोष्टी माझ्या गुरूंनी, त्यांच्या गुरूंनी पुढच्यांसाठी साठवल्या, ते मोहोळ होते, आणि ते मी मासा समजून पायात आवळून बसलो. लोकांचे बियाणे मात्र मासा समजून टाकायला लावले.

दहा वह्या या महिन्यात तुझ्याकडे येतील. अक्षर लागले नाही तर विचार. अकरावी वही गुरुजींच्या हातची आहे, चालींची. ती अजून फडक्यात बांधून माझ्या उशाशी आहे. कार्तिकीला पंढरीत भेटू, तेव्हा घेऊन येईन. आणली नाही, तर लाजू नको. मागून घे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.